वामनदाजींचा गप्प बसायचा तास

एक तास तोंड बंद ठेवायचं आणि त्या बदल्यात पोटची हुशार मुलगी दुकानात कायमची राहणार. आमच्या वामनदाजींना उभ्या आयुष्यात इतका फायद्याचा सौदा कुणी दिला नव्हता. जमेच्या बाजूला काय काय होतं पाहा. दुकानाला वारस, माझ्या बहिणीला, म्हणजे ताराताईला, डोळ्यांसमोर लेक, आणि खुद्द दाजींना उतारवयात गल्ल्यामागे डुलकी काढायची सोय. खर्चाच्या बाजूला फक्त मौन. तेही रामाच्या वनवासाएवढं नाही, एक तास. रवंथ करणारी म्हैस याहून जास्त वेळ गप्प बसते, आणि तिला कुणी मुलगी देऊ करत नाही.

मी सोमेश्वर. वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो, पण माणूस दिसला की त्याच्या जमा-नावे मांडायची खोड काही निवृत्त झाली नाही. दाजींचं दुकान जुन्या जालन्यात आहे, बस्त्याचं. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी गादीवर बसून सगळ्या लग्नाचे कपडे एका बैठकीत काढतात, तो बस्ता. बस्ता म्हणजे नुसतं कापड नव्हे. वरमाईची साडी विहिणीच्या साडीपेक्षा बोटभर जास्त काठाची निघाली तर मोडलेली लग्नं या गल्लीनं पाहिली आहेत. असल्या जागी सगळ्यांना गोड बोलून आयुष्य काढल्यामुळे दाजींना मानपान ही एकच भाषा येते. आणि दुसरं म्हणजे, समोरच्याचं वाक्य अर्धं ऐकलं की उरलेलं आपल्याला कळतं, असा त्यांचा पक्का समज आहे. गिऱ्हाईक "जरा हलक्यातली—" म्हणेपर्यंत ते "भारीतली दाखव" असा हुकूम सोडून मोकळे झालेले असतात.

अंतरा, त्यांची एकुलती एक लेक, पुण्यातली नोकरी सोडून दुकानात आली, तेव्हा बाजारात पेढे वाटले गेले. पोरगी कामाची. लग्नाळू मुली थेट तिलाच विचारत यायला लागल्या. आणि मग पिंपळगाव रेणुकाईहून एक मोठा बस्ता आला. अंतरानं दुपारभर बसून दोन रुसलेल्या मावश्या, एक आडमुठा चुलता आणि वरमाई यांचं एका रंगावर एकमत घडवलं. हे काम संसदेत जमत नाही. तेवढ्यात जेवून आलेले दाजी गादीवर टेकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यो रंग? छे छे. बेटा, तू चहाचं बघ जरा."

पुन्हा सगळे गठ्ठे उघडले. बस्ता रात्री शेजारच्या दुकानात झाला.

अंतरा त्या दिवशी रडली नाही, भांडली नाही. तिची मैत्रीण गंधाली पुण्यात कपड्यांचा धंदा करते, तिनं भागीदारीला बोलावलं होतं, एवढंच तिनं आम्हाला सांगितलं. पाडव्याला उत्तर द्यायचं होतं. पण जायच्या आधी एक प्रयत्न म्हणून ती दाजींना व्यापाऱ्यांच्या नेतृत्व शिबिराला घेऊन गेली. तिथं कुणी पाहुणे सांगून गेले की धंद्याचा पुढारी तोच, जो आधी स्वतःला ओळखतो आणि दुसऱ्याचं ऐकतो. दाजींना हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी दुकानात ऐकण्याचं महत्त्व सांगितलं. कुणाला तोंड उघडू दिलं नाही.

तेव्हा अंतरानं अट घातली. मी साक्षीला होतो.

"अण्णा, दुकान बंद असतं त्या दिवशी एक तास. कल्याणभाऊ, कौसल्यामावशी अन् मी. आम्ही तुमचं काय चुकतं ते सांगणार. तुम्ही फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं न्हाई, हसायचं न्हाई, 'अगं पण' म्हणायचं न्हाई. तेवढं केलं तर गंधालीला न्हाई म्हणून कळवते."

"बस्स? एवढंच?" दाजी म्हणाले.

"एवढंच. मामा घड्याळ बघतील."

कल्याण म्हणजे दुकानातला जुना माणूस, कौसल्याबाई साड्यांना फॉल लावणाऱ्या. दाजी धरून पाच माणसं, पाच चहा. खर्च शून्य, नफा मुलगी. मी मनातल्या मनात सौदा पास केला आणि घड्याळाला किल्ली दिली.

इथं हे प्रकरण संपायला हवं होतं. पण दाजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी संध्याकाळी शेजारच्या बद्रीनाथशेठना सांगितलं. बद्रीनाथशेठचा धान्याचा व्यापार, आणि सल्ले घाऊक भावात. त्यांनी हातातली ज्वारी पुन्हा पोत्यात टाकली.

"वामनराव, तुमचे दोष नोकर सांगणार? अन् आम्ही मेलो का?"

"तसं न्हाई शेठ—"

"तसंच है. लग्नापासून तुमच्या भिंतीला भिंत. तुमचे दोष आमच्याइतके कुणाला माहीत हायेत? आम्हाला टाळून गुपचूप दोष ऐकून राह्यले! बाजार काय म्हणंल?"

दाजी घाबरले. एखाद्याला लग्नाचं आवतण राहिलं तर जसे घाबरतात तसे. बद्रीनाथशेठना बोलावलं म्हणजे पलीकडच्या भांडेवाल्यांना बोलवायला हवं. बाजाराला बोलावलं आणि भावकीला वगळलं तर गावाकडे तोंड दाखवायची सोय नाही. कुंभार पिंपळगावहून थोरले चुलतभाऊ रामराव यांचा फोन आलाच. त्यांच्या आवाजात जमीन वाटपाच्या वेळचा कंप होता.

"वामन्या, ऐकून राह्यलो ते खरं है का? धाकट्याचे दोष सांगायचा पहिला मान थोरल्याचा असतो. आधी आम्ही सांगू, मंग बाकीचे. न्हाई तर आमचा तुमचा संबंध संपला."

अंतराला पहिल्यांदा हसू आलं. "अण्णा, मला चारच माणसं पायजेत."

"अगं, चौघांत ऐकलं काय अन् चाळीसांत ऐकलं काय. ऐकणाराचे कान तेच ना? उलट जास्तीच ऐकीन मी." या युक्तिवादाला शिबिराचा आधार होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुम्ही समजवा." मी "बघतो" म्हणालो. कार्यालयात आयुष्य गेलेल्या माणसाच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय असतो, हे तिला अजून माहीत नव्हतं.

एवढी मंडळी दुकानात मावणार नव्हती, म्हणून गल्लीत मांडव ठरला. मांडव म्हटला की माइक आला, आणि माइक म्हटला की परवानगी. सरकारी कागदांचा अनुभव म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पोलीस ठाण्यात एका जमादारांनी माझा अर्ज लांब धरून वाचला.

"कार्यक्रमाचा प्रकार?"

"दोष ऐकणे."

"कुणाचे?"

"आमच्या दाजींचे."

"सांगणार कोण?"

"दाजींनीच बोलावलेले लोक."

"म्हणजे निषेध सभा."

"न्हाई हो साहेब. घरगुती है."

जमादारांनी चष्मा काढला. "घरगुती दोषाला लाउडस्पीकर कशाला?"

या सबंध प्रकरणात विचारला गेलेला शहाणपणाचा प्रश्न तेवढाच. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण मला तो अपमान वाटला. वीज मंडळात माझ्या सहीला मान होता.

"हे बघा काका," ते म्हणाले, "आपल्याकडं धार्मिक है, राजकीय है, सांस्कृतिक है. दोष कुठंच बसत न्हाई. 'इतर'मध्ये टाकलं की कागद मोठ्या साहेबांकडं जाईल, अन् साहेब बंदोबस्तावर गेल्ते ते अजून आले न्हाईत. धार्मिकमध्ये टाका. अन् ज्यांचे दोष सांगणार त्यांचं ना-हरकत पत्र जोडा. उद्या त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला तर?"

"अर्जदार तेच आहेत."

"तेच असले तरी लागंल. माणूस स्वतःवर कवा फिरंल सांगता येतं का?"

अशा रीतीनं दाजींनी स्वतःला स्वतःचे दोष ऐकायला हरकत नसल्याचं लिहून दिलं आणि कार्यक्रमाची नोंद 'प्रवचन' अशी झाली. नगरपालिकेत रस्ता अडवण्याचा कागद घेऊन गेलो तर तिथल्या बाईंनी मांडव नालीवर येतो की नालीच्या अलीकडे, याचा नकाशा मागितला. तो मी पट्टीनं काढला. माझ्या निवृत्तीनंतरचं ते सर्वांत सुबक काम. बाईंनी बघितलासुद्धा नाही.

तिकडे पत्रिका छापायला गेली होती. 'दोष' हा शब्द गणपतीच्या चित्राखाली कसा छापायचा, यावर बद्रीनाथशेठनी शंका काढली. "गजाननाखाली दोष? अपशकुन है बिलकुल." मग 'गुणदोष' झालं. गुण आधी आले, कारण मान गुणांचा मोठा. 'गुणदोष-कथन व स्नेहभोजन.' निमंत्रकांत रामराव, स्वागतोत्सुकांत सगळी भावकी. माझं नाव 'व्यवस्था' या सदरात, मंडपवाल्याच्या वर आणि आचाऱ्याच्या खाली. मामा म्हणजे देवक बसवायला लागणारा माणूस, आणि त्याला आचाऱ्याच्या खाली! मी दोन दिवस दाजींशी बोललो नाही. त्यांना ते कळलं नाही, कारण त्या दोन दिवसांत मी बोलायला तोंड उघडलं असतं तरी तेच बोलले असते.

पत्रिका हातात घेऊन अंतरा बराच वेळ पायरीवर बसली होती. "मामा," ती म्हणाली, "कल्याणभाऊंनी खरंच विचार केल्ता काय बोलायचं त्याचा. मला म्हणले, ताई, मी बोलतो. आता ते काय बोलतील हो, एवढ्या लोकांत?"

"बोलतील, बोलतील," मी म्हणालो. "मी नाव सुचवतो ना." आणि खरोखर सुचवलंही. रामराव, बद्रीनाथशेठ, भांडेवाले, भावकीची सगळी व्याही मंडळी झाल्यावर, वेळ उरल्यास, कल्याण. अंतराचं नाव कुठंच नव्हतं. घरच्या माणसाला मंचावर बसवत नाहीत, ही रीत आहे. घरच्या माणसानं वाढपाकडे बघायचं.

उरली एकच गोष्ट. आलेल्याचा सत्कार. दाजींच्या दुकानात बस्त्याला आलेला माणूस मोकळ्या खांद्यानं परत गेला तर त्यांना झोप येत नाही. दोष सांगायला येणारे तर मानाचे पाहुणे. त्यांनी ठरवलं, प्रत्येक दोष सांगणाऱ्याला आधी टॉवेल-टोपीचा आहेर, मग माइक.

"आधी?" ताराताईनं स्वयंपाकघरातून विचारलं. तिनं या सगळ्या प्रकरणात विचारलेला हा एकमेव प्रश्न, आणि तोही—

"आधीच," दाजी म्हणाले. "नंतर दिला तर लोक म्हणतील दोष ऐकून मन दुखलं म्हणून आखडता हात घेतला."

ताई पुढे काय म्हणणार होती, ते राहिलंच.

कार्यक्रम ऐन उन्हात झाला. सूत्रसंचालनाला राधेश्याम गुरुजी होते. जालन्यात एकही साखरपुडा त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. त्यांनी "आज आपण सारे एका दोषी माणसाच्या अंगणात जमलो आहोत" अशी सुरुवात केली, टाळ्या घेतल्या, दीपप्रज्वलन करवलं, आणि दाजींना नवरदेवासारखं उंच खुर्चीवर बसवून जाहीर केलं की आता एक तास दाजी मौन धरतील. मी घड्याळ काढलं.

रामराव उठले. राधेश्याम गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. रामरावांनी टॉवेलाचं पोत बोटांनी चाचपलं. भारीतला होता. सगळ्या गावाला तोंडावर शिव्या घालणारा हा माणूस, पण खांद्यावर ज्याचं कापड त्याच्याबद्दल वाकडं बोलायची त्यांच्या सात पिढ्यांत रीत नव्हती. ते घसा खाकरून म्हणाले, "आमच्या वामनात एकच दोष है. लई भोळा है."

मांडव हळहळला. दाजी गप्प.

बद्रीनाथशेठ टोपी सावरत म्हणाले, "वामनरावांचा दोष मी रोज बघून राह्यलो. स्वतःच्या तब्येतीकडं बिलकुल ध्यान देत न्हाईत." भांडेवाले म्हणाले, ते लोकांवर फार विश्वास टाकतात. एक व्याही म्हणाले, ते स्वतःची जाहिरात करत नाहीत, हा आजच्या जमान्यात दोषच. हे सांगून त्यांनी टॉवेलाची घडी नीट केली. एकाचा आहेर पाहून दुसरा दोष आणखी मऊ करत होता. आणि दाजी उत्तर देत नव्हते, हसत नव्हते, 'अगं पण' म्हणत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतका निर्मळ माणूस आपल्याच कपड्यांत वावरत होता, हे त्यांना आजच कळत होतं.

शेवटी कल्याणला बोलावलं. तो टॉवेल घेताना वाकला, टोपी घातली आणि उभा राहिला. समोर उद्याची सगळी गिऱ्हाइकं बसली होती, उंच खुर्चीवर मालक होते, माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं एकदा कौसल्याबाईंकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.

"मालकांचा दोष..." कल्याण म्हणाला. "मालक... मालक लई लवकर येतात दुकानात. आराम करत न्हाईत."

सगळ्यांत मोठी टाळी त्याला पडली. तो खाली बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नंतर जेवायला उठला नाही.

राधेश्याम गुरुजी समारोपाचं काव्य सुरू करणार, तेवढ्यात वाढपाच्या बाजूनं अंतरा आली. हाताला पिठाचे डाग होते. तिनं गुरुजींच्या हातातून माइक घेतला. आहेर घ्यायला थांबली नाही. मी घड्याळ पाहिलं. तास भरायला थोडा अवकाश होता.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज स्थिर होता, पाठ केल्यासारखा. "रेणुकाईच्या बस्त्याच्या दिवशी मी त्या लोकांना—"

"अगं, ते लोक आपल्या वडलांपासूनचे गिऱ्हाईक है बेटा, तुला काय माहीत!" दाजी खुर्चीवरूनच, प्रेमानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "ते राहू दे. पाव्हणे ताटकळले. चल, पंगत बसव जल्दी."

मांडव हसला. कुचेष्टेनं नाही, कौतुकानं. बापलेकीचं लाडिक भांडण आहे असं समजून. रामराव म्हणाले, "पोरगी बापावर गेली." अंतरानं माइक टेबलावर ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं, आणि वाढायला गेली. ती शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होती. बद्रीनाथशेठना तिनं भात दोनदा विचारला.

संध्याकाळी घरात दाजी खुशीत होते. "झाला की न्हाई तास? आता कळव तुझ्या गंधालीला."

"अण्णा, तुम्ही बोललात."

"एक वाक्य! तेही पाव्हण्यांच्या जेवणासाठी. सोमेश्वर, सांग तिला. घड्याळ तुझ्यापाशी होतं. मी गप्प बसलो का न्हाई?"

मी हिशेबी माणूस. खोटं सांगणार नाही. "जवळजवळ तासभर बसलात," मी म्हणालो.

अंतरानं माझ्याकडे पाहिलं. "मामा, माझ्यासाठी किती बसले?"

मी घड्याळाची किल्ली फिरवत राहिलो. ती म्हणाली, "तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलवल्तं मामा. तुम्ही मंडपवाले झाले." मला हे फार लागलं. ज्या माणसानं नालीचा नकाशा पट्टीनं काढला त्याला असं बोलायचं नसतं. मी जेवण न करता घरी गेलो. मला कुणी परत बोलावलं नाही.

पाडव्याची गुढी उभारून ती पुण्याला गेली. दाजी स्टँडवर आले होते. बसच्या खिडकीतून ती काही सांगत होती आणि दाजी खालून तिला सांगत होते की पाणी घेतलं का, शेजारी बाईमाणूस है का, उतरल्यावर फोन कर. बस सुटली.

आता हिशेब. राधेश्याम गुरुजींच्या जमेला चांगलीच भर पडली. आमच्या कार्यक्रमानंतर गुणदोष-कथनाची बाजारात टूमच निघाली. एका डाळ मिलच्या मालकांनी तर बँड लावून आपले दोष ऐकले. बद्रीनाथशेठना मान मिळाला, रामरावांना टॉवेल. दाजींना परवा त्याच शिबिरवाल्यांनी वक्ता म्हणून बोलावलं. 'ऐकणारा नेता' या विषयावर ते एवढं बोलले की शेवटी दिवे घालवावे लागले. कल्याण अजून येतो, पण मालकानं विचारलेल्याचं उत्तर मान डोलावून देतो, तेवढ्यावर भागवतो. अंतराचं पुण्यात बरं चाललं आहे. ती आईला फोन करते. जुन्या जालन्याचं नाव काढत नाही.

तिच्या जागेवर आता ताराताई बसते. बायकांच्या बाजूला कुणीतरी हवंच. तिच्या गुडघ्यांना मांडी घालून बसणं सोसत नाही, तरी बसते. परवा मी गेलो तेव्हा घनसावंगीकडची एक नवरी आईबरोबर आली होती. पोरगी सावळी, बुजरी. तिला सगळे जण गर्द जांभळा घ्यायला लावत होते आणि ती मुकाट मान हलवत होती. ताईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुला हा रंग—"

"खुलून दिसंल!" दाजी गल्ल्यावरून म्हणाले. "बांध रे कल्याण."

ताईला दुसरंच काही म्हणायचं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नवरीलाही दिसलं असावं, ती क्षणभर थांबली होती. साडी बांधली गेली, मंडळी गेली. मी ताईजवळ सरकून हळूच विचारलं, "ताई, तू त्या पोरीला काय सांगणार होतीस?"

ती पुढची साडी उलगडून घड्या घालत होती. तिनं वर पाहिलं. खरंच आठवत नव्हतं तिला.

"कवा?" ती म्हणाली.